कंपाउंडरच्या पेटीतली काच

जुनी बाटली हातात आली की आधी तिच्या ओठाकडे बघायचं. लेबल, रंग, धूळ, त्यावरचं इंग्रजी नाव, हे सगळं नंतर. बाटली बहुतेक वेळा दोन भागांच्या साच्यात बनते. ते दोन भाग जिथे मिळतात तिथे काचेवर एक बारीक उभी रेघ उमटते. तिला शिवण म्हणायचं. डोळ्यांना दिसली नाही तरी नखाला लागते. ही शिवण बुडापासून वर चढत गेली आणि मानेवर, ओठाच्या जरा खाली पुसली गेली, तर बाटली माणसाने तोंडाने फुंकलेली असण्याची शक्यता मोठी. कारागीर बाटली नळीपासून तोडायचा, तुटलेलं तोंड पुन्हा तापवायचा आणि हत्यार गोल फिरवून ओठ घडवायचा. त्या फिरवण्यात शिवण मिटून जायची. शिवण थेट ओठावरून पलीकडे गेलेली असेल तर बाटली यंत्राची. यंत्रात ओठ साच्यातच तयार होतो, तोही सगळ्यात आधी.

मायकेल ओवेन्स या अमेरिकन माणसाने बाटल्या बनवणारं पूर्ण स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास उभं केलं. त्यामुळे ओठावरून शिवण गेलेली औषधाची बाटली कुणी 'दीडशे वर्षं जुनी' म्हणून विकत असेल तर हसून पुढे जायचं. पुण्याच्या जुन्या बाजारात एका विक्रेत्याने मला अशीच एक बाटली 'ब्रिटिशकालीन' म्हणून दाखवली होती. ब्रिटिश १९४७ पर्यंत होतेच, म्हणजे तो खोटं बोलत नव्हता.

हा नियम एकाच दिशेने चालतो, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. यंत्राची शिवण दिसली तर बाटली विसाव्या शतकातली, इतकं म्हणता येतं. शिवण नाही म्हणून बाटली जुनी, असं म्हणता येत नाही. आपल्याकडे तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली सुरू झाला, कऱ्हाडजवळ ओगल्यांचा १९१६ साली. पण परदेशात यंत्रं आल्यावरही आपल्या देशातल्या छोट्या कारखान्यांत बाटल्या फुंकणं कित्येक वर्षं चालू राहिलं. त्यामुळे हाताची बाटली १८८० ची असू शकते आणि १९४० चीही. एका पुराव्यावर निकाल देता येत नाही. मी रोज जे काम करते त्यातही हेच आहे. लॉगमध्ये एक ओळ दिसली म्हणून बग तिथेच असतो असं नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, पुण्यात राहते, बॅकएंडचं काम करते. जुन्या काचेशी माझा संबंध गेल्या वर्षापर्यंत शून्य होता. सातारा जिल्ह्यातलं आमचं गावचं घर विकलं आणि ते रिकामं करताना माळ्यावरून एक पत्र्याची पेटी निघाली. आजोबांची. आजोबा तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते, १९५७ पासून १९८८ पर्यंत. पेटीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच होती. बाटल्या, मापाचे पेले, डोळे धुवायचा निळा पेला, काचेचा लहान खल, दोन थर्मामीटर आणि सिरिंजा.

बाबा म्हणाले, "भंगारात देऊन टाक."

बाबा असे वस्तू टाकणारे नाहीत. त्यांच्याकडे १९९४ च्या टीव्हीचा रिमोट अजून आहे. म्हणून मी पेटी पुण्याला आणली.

* * *

पहिले दोन महिने मी फक्त सोप्या वस्तूंच्या मागे होते.

सहा मिक्श्चरच्या बाटल्या ओळखायला वेळ लागला नाही. तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना विचारा. दवाखान्यात जाताना बाटली घरून न्यायची, कंपाउंडर तीत लाल किंवा गुलाबी औषध भरून द्यायचा आणि बाहेरून एक कागदाची पट्टी चिकटवायचा. पट्टीच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या. एक खाच म्हणजे एक डोस. वाचता न येणाऱ्या माणसालाही कळेल असं मोजमाप. आमच्या पेटीतल्या एका बाटलीवर ती पट्टी अजून आहे, पिवळी पडलेली, सहा खाचांची. सगळ्यात वरची खाच थोडी मोठी कापली आहे. आत्या म्हणाली, दादा पहिला डोस मोठा द्यायचे. (बाबा आणि आत्या आजोबांना दादा म्हणतात.)

एक बाटली गडद निळी, सहा बाजूंची, बाहेरून उभ्या कंगोऱ्यांची. तिच्यावर काचेतच उठावाची इंग्रजी अक्षरं आहेत, 'नॉट टू बी टेकन'. ही विषाची बाटली. विष म्हणजे कार्बोलिक, आयोडीन, अंगाला चोळायची औषधं, पोटात घ्यायची नाहीत अशी कुठलीही गोष्ट. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चुकून भलत्या बाटलीतलं औषध पिऊन माणसं मरत. रात्री कंदिलाच्या उजेडात सगळ्या बाटल्या सारख्याच दिसायच्या. म्हणून विषाच्या बाटलीला रंग वेगळा दिला आणि कंगोरे दिले. अंधारात हात लागला तरी बोटांना कळावं. मला यूजर इंटरफेसवरच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा ही बाटली जास्त शिकवून गेली.

निळा रंग कोबाल्टचा. तो उजेडापासून औषधाचं फारसं रक्षण करत नाही, तो फक्त सावध करतो. ते काम तपकिरी काच करते, कारण ती अतिनील आणि निळा प्रकाश अडवते. म्हणून टिंक्चरच्या बाटल्या तपकिरी. आजही खोकल्याचं औषध तपकिरी बाटलीत मिळतं, आता ती प्लास्टिकची असली तरी.

रंग नसलेल्या काचेचीही गंमत आहे. वाळूत लोह असतं, त्यामुळे साधी काच हिरवट होते. हिरवट छटा घालवायला पूर्वी मँगनीज घालत. मी एक अतिनील टॉर्च ऑनलाइन मागवला. रात्री दिवे घालवून पेटीतल्या बाटल्यांवर मारला तर त्यातल्या दोन मंद हिरव्या चमकल्या. तोच मँगनीज. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कारखाने मँगनीज सोडून सेलेनियमकडे वळू लागले. म्हणजे या दोन बाटल्या बहुधा बाकीच्यांपेक्षा थोरल्या. आजोबांच्याही आधीच्या, दवाखान्यात आधीपासून असलेल्या. (टॉर्चखाली काच झगझगीत हिरवी पेटली तर ते युरेनियम. आमच्या पेटीत ते नव्हतं. फ्लॅटमेटला हे ऐकून बरं वाटलं.)

मापाचा पेला निमुळता, खाली बैठक असलेला. त्याच्या एका बाजूला घनसेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला शेपटीवाल्या इंग्रजी तीनच्या आकड्यासारखं एक चिन्ह. ते ड्रामचं. त्याच चिन्हाला डोक्यावर आणखी एक वळण दिलं की औंस. ६० मिनिम म्हणजे एक ड्राम, ८ ड्राम म्हणजे एक औंस, आणि एक ब्रिटिश औंस म्हणजे साधारण २८.४ मिलिलिटर. मी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाणी घालून तपासलं. औंसाच्या खुणेपर्यंत भरल्यावर २८ ग्रॅम आलं. अमेरिकन औंस असता तर साडेएकोणतीस यायला हवं होतं. म्हणजे पेला ब्रिटिश मापाचा. आपल्याकडे दशमान वजनमापांचा कायदा १९५६ चा आणि अंमल सुरू झाला ऑक्टोबर १९५८ पासून. आजोबांनी नोकरी धरली ती बरोबर या सांध्यावर. डॉक्टर चिठ्ठीवर ड्राम लिहायचे, नव्या औषधांच्या खोक्यांवर मिलिलिटर असायचं. मधला हिशोब कंपाउंडरने डोक्यात करायचा.

मी या सगळ्याची एक्सेल शीट केली. वस्तू, शिवण, बूड, रंग, टॉर्च, खुणा, अंदाजे वय, आणि शेवटी 'कुणी सांगितलं'. शेवटचा रकाना आत्याचा.

* * *

सिरिंजा मी शेवटी ठेवल्या होत्या.

पूर्ण काचेची सिरिंज पॅरिसच्या ल्युअर या वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या पेढीची. १८९० च्या दशकातली. १८९८ मध्ये तिचे अमेरिकेतले हक्क बेक्टन डिकिन्सन कंपनीने घेतले. सिरिंजेच्या टोकाला सुई बसते ती जागा किंचित निमुळती असते, तिचा उतार सहा टक्क्यांचा. आज मेडिकलमधून पाच रुपयांची प्लास्टिकची सिरिंज आणली तर तिच्या टोकालाही तोच उतार असतो. सव्वाशे वर्षं एक इंटरफेस न मोडता चालला आहे. आमच्या कंपनीत आम्ही दोन वर्षांत तीनदा मोडला.

दुसरा प्रकार 'रेकॉर्ड' सिरिंजेचा. बर्लिनमध्ये १९०६ साली आलेला. नळी काचेची आणि दट्ट्या धातूचा. हे दोन प्रकार लांबूनही वेगळे कळतात.

पूर्ण काचेच्या सिरिंजेत रबर नसतं. काचेचा दट्ट्या काचेच्या नळीत इतका नेमका बसायला हवा की औषध मागे गळू नये, आणि तरी तो सहज सरकायला हवा. पूर्वी हे घासून जुळवत. एकेक दट्ट्या एकेका नळीसाठी. म्हणून नळीवर आणि दट्ट्यावर तोच आकडा कोरलेला असायचा. उकळल्यावर डब्यातून काढताना जोड्या लावायला तो आकडा. पुढे मापं इतकी अचूक झाली की कुठलाही दट्ट्या कुठल्याही नळीत चालू लागला. मग आकडे गेले. म्हणजे आकडा असलेली सिरिंज साधारण आधीची, आकडा नसलेली नंतरची. शिवाय देशाचं नाव असेल तर आणखी बरं. 'वेस्ट जर्मनी' लिहिलेली वस्तू १९४९ च्या आधीची आणि १९९० च्या नंतरची असू शकत नाही.

पेटीत ११ नळ्या आणि ७ दट्टे होते. मी चादरीवर मांडून भिंगाने आकडे वाचले. पूर्ण जुळणाऱ्या जोड्या चार. तीन नळ्यांवर आकडेच नाहीत, त्यातल्या एकीवर 'वेस्ट जर्मनी'. उरलेल्या चार नळ्यांचे दट्टे कधीतरी फुटले असणार. दट्टे फुटतातच. एका दट्ट्याचा घासलेला भाग इतका गुळगुळीत झाला होता की उजेडात तो साध्या काचेसारखा दिसत होता. किती हजार वेळा आत-बाहेर झाला असेल त्याचा अंदाज करत मी बराच वेळ बसले.

खरं तर मी जुनी काच ओळखायला शिकले ती या ११ नळ्यांसाठी.

* * *

२०२१ मध्ये बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. त्याआधीच्या नेहमीच्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस सी निघाला. बाबांना कसलाही त्रास नव्हता. या आजाराचं तेच वैशिष्ट्य आहे. विषाणू यकृतात वीस-तीस वर्षं गुपचूप राहू शकतो. बाबांच्या यकृताला थोडी इजा झाली होती, सिऱ्हॉसिस नव्हता. बारा आठवडे गोळ्या घेतल्या आणि विषाणू गेला. दहा वर्षं आधी हे निघालं असतं तर महिनोन् महिने इंजेक्शनं घ्यावी लागली असती आणि तरी खात्री नसती. आता सरकारी कार्यक्रमात २०१८ पासून ही औषधं मोफत मिळतात आणि बहुसंख्य लोक पूर्ण बरे होतात. हे इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण हा आजार सापडल्यावर लोक घरातही सांगत नाहीत. आमच्याकडेही सांगितला नव्हता. आईला आणि मला माहीत होतं, बस.

डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "कधी रक्त चढवलं होतं का?" हो, १९८६ मध्ये. मोटारसायकलचा अपघात, दोन बाटल्या रक्त. हा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये. त्याआधी रक्तात तो आहे का हे तपासायचं कुणाच्या हातातच नव्हतं. दुसरा प्रश्न, "लहानपणी इंजेक्शनं फार घेतली होती का?"

बाबा हसले. म्हणाले, "कंपाउंडरचा मुलगा मी."

ते पुढे काही बोलले नाहीत. पण गाडीत बसल्यावर आईने काच खाली केली आणि बराच वेळ बाहेर बघत राहिली, तेव्हा मला कळलं की तिघांच्याही डोक्यात एकच गोष्ट आहे.

इजिप्तमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. नाईलच्या खोऱ्यात गोगलगाईंमार्फत पसरणारा एक कृमिरोग होता, शिस्टोसोमायसिस. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सरकारने मोहीम काढून गावोगावी लोकांना टार्टार इमेटिकची इंजेक्शनं दिली, शिरेतून, एकाच माणसाला अनेकदा. सिरिंजा काचेच्या, पुन्हा पुन्हा वापरायच्या. उकळायच्या असा नियम होता. रांगा लांब होत्या. पुढे इजिप्तमध्ये हिपॅटायटिस सीचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांइतकं निघालं. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये संशोधकांनी त्याचा संबंध या मोहिमेशी जोडून दाखवला. ज्यांनी ती इंजेक्शनं दिली ते लोकांना बरं करायला निघाले होते. त्या विषाणूचं नावही तेव्हा जगात नव्हतं.

हे वाचलं त्या रात्री मी पहिल्यांदा विचार केला की आजोबांकडे एकूण सिरिंजा किती असतील. पेटी त्यानंतर तीन वर्षांनी सापडली.

* * *

काचेची वस्तू पुरावा म्हणून कुठवर साथ देते, याचं एक उदाहरण मुंबईतल्या एका बाटलीचं आहे.

वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली. १८९६ मध्ये साथ आली, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या जागेत त्यांनी काम सुरू केलं आणि १० जानेवारी १८९७ रोजी लस आधी स्वतःला टोचून घेतली. काचेच्या चंबूत मांसरस, त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवलेले. त्या तुपाखाली प्लेगचे जंतू छताला लटकणाऱ्या चुनखडीसारखे वाढत. मग ते उष्णतेने मारायचे आणि बाटल्यांत भरायचे. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. आजची हाफकिन इन्स्टिट्यूट तीच.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात, जे आज पाकिस्तानात आहे, १०७ जणांना ही लस टोचली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे मेले. नोंदी काढल्यावर दिसलं की ते १९ जण एकाच बाटलीचे होते. बाटलीचा क्रमांक ५३-एन. त्या दिवशी फोडलेल्या बाकीच्या बाटल्यांमधून टोचलेल्या कुणाला काही झालं नव्हतं.

म्हणजे बाटली सापडली. प्रश्न उरला तो असा, की घाण बाटलीत कधी शिरली. परळला भरताना, की गावात उघडताना? चौकशीत ठपका प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं. बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, ही गोष्ट हळूहळू पुढे आली. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरली आणि १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला गेला. तोवर पाच वर्षं गेली होती.

मला यातला चिमटा विसरता येत नाही. बाटलीला क्रमांक होता, तारीख होती, नोंदवही होती, मुंबई ते पंजाब सगळा माग होता. आजच्या भाषेत ट्रेसिबिलिटी पूर्ण होती. तरी खरी गोष्ट काचेवर कुठेच नव्हती. कुणाच्या तरी हातातून एक वस्तू खाली पडली आणि त्याने ती उचलून पुन्हा वापरली, हे एका माणसाने बघितलं होतं, इतकंच.

आमच्या ११ नळ्यांवर तर नुसते आकडे आहेत.

* * *

तरीही मी गणित मांडलं. मला तेवढंच येतं.

सिरिंज उकळत्या पाण्यात २० मिनिटं ठेवायची, हा त्या काळचा साधारण नियम. डब्यातून काढणं, निवणं, औषध भरणं, टोचणं, धुणं यांना आणखी १० मिनिटं धरू. म्हणजे एका सिरिंजेचा फेरा अर्ध्या तासाचा. दवाखाना सकाळी ९ ते १. चार तास, आठ फेरे. एका वेळी चार सिरिंजा फिरत असतील तर एका सकाळी ३२ इंजेक्शनं नीट उकळून देता येतील. बारा असतील तर ९६.

मी आत्याला फोन केला. तिला बाबांच्या आजाराबद्दल माहीत नव्हतं. मी बाबांना विचारून तिला सांगितलं. ती काही क्षण गप्प राहिली. मग एकदम म्हणाली, "विचार, काय विचारायचंय ते."

आत्या शाळेत जायच्या आधी दवाखान्यात पाणी भरायची. स्टो पेटवायची तीच. तिने सांगितलं ते मी शब्दशः शीटमध्ये लिहिलं आहे. एरवी दिवसाला वीस-पंचवीस इंजेक्शनं. सोमवारी बाजार, त्या दिवशी पन्नास-साठ. खेड्यातून आलेल्या माणसाला सुई टोचल्याशिवाय औषध दिल्यासारखं वाटायचं नाही. पावसाळ्यात जास्त. सुया वेगळ्या वाटीत, त्यांना दगडावर घासून धार लावायचे. दादा उकळल्याशिवाय सुई लावायचे नाहीत.

"बाजाराच्या दिवशी पण?"

"लावायचे नाहीत म्हणाले ना."

"गर्दी असली तरी?"

"अगं, मी नऊ वाजता शाळेत जायची. पुढचं मी कुठे बघितलंय?"

वीस-पंचवीसला चार सिरिंजा पुरतात. साठला पुरत नाहीत. सगळं एका आकड्यावर येऊन थांबलं होतं. पेटीत ११ नळ्या असल्या तरी त्या तीस वर्षांतल्या आहेत. त्यातल्या एका वेळी किती चालू होत्या, हे त्या सांगत नाहीत. जोड्या चार आहेत, पण कंपाउंडर घरी काय आणणार? दवाखाना बंद होताना उरलेलं.

त्या रविवारी मी बाबांना शीट दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळे रकाने वाचले. मिक्श्चरच्या बाटलीपाशी थांबले, म्हणाले, "ही पट्टी चिकटवायला खळ आई करायची, घरी." मग गणितापाशी आले. त्यांनी दोनदा वाचलं.

"सहा वर्षांचा असताना मला न्यूमोनिया झाला होता," ते म्हणाले. "पेनिसिलिन. दर काही तासांनी टोचायला लागायचं. दादा रात्रभर जागे होते. प्रत्येक वेळी स्टो पेटवायचे, मला त्या आवाजावरून कळायचं आता सुई येणार. मी रडायचो. ते त्या औषधाच्या बाटलीचं रबरी बूच मला द्यायचे. पाच बुचं झाली तेव्हा बरा झालो. त्याची गाडी केली होती मी. चार चाकं आणि एक स्टेपनी."

मी म्हटलं, "म्हणजे घरी तरी प्रत्येक वेळी उकळलं."

"मी तुला उकळल्याचं नाही सांगत," बाबा म्हणाले. "तुला जे शोधायचंय ते शोध. मला रक्ताच्या बाटलीतून आलं असेल, न्हाव्याच्या वस्तऱ्यातून आलं असेल, दादांच्या सुईतून आलं असेल. मी बरा झालो. पण गावात आणखी कुणाला असेल, तर ते कळायला हवं. ते कर."

हे मला सुचलं नव्हतं. मी माझ्या आजोबांना सोडवायच्या किंवा धरायच्या मागे होते. बाबा रांगेतल्या बाकीच्या माणसांचा विचार करत होते.

पुढच्या महिन्यात ते आणि आत्या तालुक्याच्या गावी गेले. तिथल्या सरकारी दवाखान्यात बोलले. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर बाबांनी उभं राहून स्वतःच्या आजाराबद्दल सांगितलं. आजोबांचं नाव घेतलं नाही, काचेच्या सिरिंजांचं घेतलं. तीस-पस्तीस जणांनी रक्त तपासून घेतलं. निकाल त्यांचे आहेत, ते मी इथे लिहिणार नाही.

* * *

तुमच्या घरी अशी पेटी असेल तर दोन-तीन गोष्टी. थर्मामीटरमध्ये पारा असतो, मुलांच्या हाती देऊ नका आणि कचऱ्यात टाकू नका. बाटलीत जुनं औषध शिल्लक असेल तर वास घेऊन बघू नका. आणि काहीही धुवायच्या आधी फोटो काढा. लेबल, कागदाची पट्टी, तळाशी वाळलेलं औषध, गुंडाळलेल्या वर्तमानपत्राची तारीख, हे एकदा पाण्याने गेलं की गेलं. शिवण आणि आकडे कुठे जात नाहीत.

आमच्या विषाच्या बाटलीवर, मापाच्या पेल्यावर आणि पट्टीवाल्या मिक्श्चरच्या बाटलीवर आता चिठ्ठ्या आहेत. आत्याच्या नातवाच्या शाळेला त्या हव्या आहेत. सिरिंजा मात्र बाबांनी स्वतःकडे घेतल्या. टीव्हीच्या रिमोटशेजारच्या कप्प्यात आहेत.

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला आत्याचा फोन आला. ती एरवी नऊला झोपते.

"सहा," ती म्हणाली. "डब्यात जाळी होती ना, तिच्यात सहा खाचा होत्या. मीच घासायची ती जाळी. आणि दोन वेगळ्या, फडक्यात गुंडाळून, बाजाराच्या दिवशी काढायचे."

आठ सिरिंजा, आठ फेरे. चौसष्ट. साठ माणसांना पुरतात, पण स्टो चार तास एक मिनिटही विझता कामा नये. मी तिला तसं सांगितलं.

"मग रॉकेल किती जायचं ते बघ की," आत्या म्हणाली. "दवाखान्याच्या रॉकेलचा हिशोब दादाच ठेवायचे. वही माझ्याकडे आहे. रेशनकार्डाच्या पिशवीत."

वही कुरियरने निघाली आहे.